लाडक्या बहिणीचे पैसे 'जमा' दाखवतंय, आईच्या खात्यात एक रुपया नाही. थम चोरीला गेलाय का?

विट्याचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. प्रश्न आईचा आहे, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही विट्यापासून दहा-बारा किलोमीटरवरचे. मी चाकणला कंपनीत, आई-वडील गावी. आई ५४ वर्षांची, हंगामात तासगावकडं बेदाणा शेडवर जाते. लाडकी बहीणचा फॉर्म मीच २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोबाईलवरून भरला आणि तो मंजूरही झाला. अंगणवाडीच्या ताई म्हणतात पैसे सुटलेत, वेबसाईटवरही जमा दाखवतंय. पण गावातल्या बँकेतलं पासबुक भरून आणलं तर एकही हप्ता नाही. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "आधार लिंक आहे मावशी, आमच्याकडनं काय अडचण नाही." मी फोनवर बोललो तर मलाही तेच. मग पैसे गेले कुठं?

आई आधी गप्प होती, येतील म्हणायची. आता गावात प्रत्येकाचं वेगळंच सुरू झालंय. शेजारच्या तात्यांचं म्हणणं, कुणीतरी तिच्या अंगठ्याची कॉपी काढली. पुरावा काय, तर रेशन दुकानात तिचा थम उठत नाही. "चोरीला गेलाय म्हणूनच उठंना," असं ते पारावर सगळ्यांना सांगतात. मामा म्हणतो आधार दहा वर्षांनी बाद होतं आणि आईचं २०१३ चं आहे, म्हणून पैसे अडकले. चुलते कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, त्यांच्या आधारवर तिथलाच पत्ता आहे. ते आता घाबरलेत की इकडं काही मिळणार नाही, रद्द करून महाराष्ट्राचं नवीन काढायचं का विचारतात. आणि स्टँडवरचा झेरॉक्सवाला म्हणतो कागदी आधार चालत नाही, प्लास्टिकचं स्मार्ट कार्ड करून घ्या.

आईनं आता कुठंही थम द्यायला नकार दिलाय. रेशनही आणत नाही. म्हणते, "जे हाय ते जाईल." मला सुट्टी दोनच दिवस मिळते. नक्की कुठं जाऊ आणि काय विचारू?

बिनधास्त_पैलवान

भावा, शंभर टक्के थम कॉपी झालाय. असल्या भरपूर केस ऐकल्यात. आधार नंबरच बदलून घे, नवीन नंबर आला की जुन्यावरचं सगळं बंद पडतं. आणि बँकेवाल्यांना सोडू नको, तेच आतनं सामील असतात.

अंगठेवाली

पैलवानदादा, राग मानू नका, पण नंबर बदलून मिळत नाही. कार्ड हरवलं, घर जळलं, नाव बदललं, लग्न झालं तरी नंबर तोच. तेव्हा वाटसरूंना त्या रांगेत उभं करू नका.

वाटसरू, आधी आईला फोन करून सांगा की पैसे चोरीला गेलेले नाहीत. बघायचं बाकी आहे, पण माझं मन सांगतं ते तिच्याच नावावर, तिच्याच दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात पडून आहेत.

मी तासगाव तालुक्यातली. २०१२ ते २०२० आधारचं मशीन चालवलं. आधी आमच्याच दुकानात, मग २०१७ ला मशीनं सरकारी जागेत न्यायचा हुकूम आला तेव्हा कचेरीच्या व्हरांड्यात. आता फॉर्म भरून देते आणि झेरॉक्स काढते. थम उठत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या बायका मी इतक्या बघितल्यात की घरचे मला अंगठेवालीच म्हणतात.

घोळ 'आधार लिंक' या शब्दात आहे. बँकेतले साहेब खोटं बोलले नाहीत, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आईचा आधार नंबर तिच्या खात्याला लावलेला आहे. असा तो चार बँकांत चार खात्यांना लावलेला असू शकतो. पण या योजनेचे पैसे खाते नंबरावर येत नाहीत, आधार नंबरावर येतात. एनपीसीआय म्हणून बँकांमधले पैशाचे व्यवहार सांभाळणारी संस्था आहे, तिच्याकडं एक यादी असते, त्यात प्रत्येक आधार नंबरासमोर एकाच बँकेचं नाव असतं. ज्या बँकेनं शेवटी तुमची संमती घेऊन नोंद केली, तिचं. फॉर्ममध्ये तुम्ही कुठलं खातं लिहिलं, पासबुकाची कुठली झेरॉक्स जोडली, याला पैसे विचारत नाहीत. गावात तुमचं दहा घरी येणं-जाणं असेल, पण रेशनकार्डात नाव एकाच घरात असतं ना, तसं.

मग ही दुसरी बँक आली कुठनं? तुम्ही फक्त आईला विचारा: बचत गटाचं कर्ज काढलं तेव्हा कुणी खातं उघडलं होतं का? २०१४ ला जनधनचे मेळावे झाले, शाळेच्या पटांगणात टेबलं मांडून, तिथं गेली होती का? सिमकार्ड घेताना दोनदा थम घेतला होता का? शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. २०१७ मध्ये एका मोबाईल कंपनीनं सिमच्या पडताळणीला घेतलेल्या थमवर लोकांची पेमेंट बँकेत खाती उघडली आणि गॅसची सबसिडी तिकडं वळली. लोकांना पत्ताच नाही. कंपनीवर कारवाई झाली, तोवर बातमीही गाजली. मला ती बातमी वाचायची गरज नव्हती, आमच्या दुकानात त्या महिन्यात रोज एकजण तरी 'सबसिडी का येत नाही' म्हणून यायचा.

बघायचं असं. माय आधारच्या वेबसाईटवर आईच्या नंबरानं लॉगिन करा, तिथं 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे त्या यादीतली नोंद, असतं. बँकेचं नाव आणि चालू की बंद, दोन्ही दिसतं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जाणार, तो नंबर आज कुणाच्या खिशात आहे ते आधी बघा. निम्म्या वेळा इथंच गाडी अडते. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही लिंक आहे की नाही कळतं, पण माझा भरवसा वेबसाईटवर जास्त. बँकेत गेलात तर 'आधार लिंक आहे का' विचारूच नका, हो म्हणतील. 'डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग तुमच्याकडं आहे का' असं विचारा. डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात. याच वाक्यावर साहेब खुर्चीतनं उठून आत बघतात.

आता थमचं. तात्यांना माझा नमस्कार सांगा. थम चोरीला गेला म्हणून उठत नाही हे मी आठ वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. कॉपी झाली तरी मूळ बोट बोटाच्या जागी असतंच की! आईचा थम उठत नाही याचं कारण ती बेदाणा शेडवर जाते हे आहे. द्राक्षं वाळत घालायच्या आधी ज्या पाण्यात बुडवतात त्यात डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. हात त्यात भिजतो, बुळबुळीत होतो, मग उन्हात सुकतो, मग दिवसभर बेदाणा निवडायचा, चिकट साखर. चार महिन्यांत बोटावरच्या रेषा इतक्या बारीक होतात की मशीनला कोरी पाटी दिसते. हळद पॉलिश करणाऱ्यांचं तेच, गवंड्याचं तेच, ऊसतोडीचं तर विचारूच नका. माझ्यासमोर एक म्हातारी आली होती, तिनं स्वतःच बोट डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाली, "आगं, देवानं लिवल्यालं म्या भांडी घासून पुसलं गं." मी हसले, मग दिवसभर ते डोक्यातनं गेलं नाही.

आणि हा अंगठ्याचा हट्ट कुणी लावलाय कुणास ठाऊक. सही-अंगठ्याच्या काळातली सवय. आधारमध्ये दहाच्या दहा बोटं, दोन्ही डोळे आणि चेहरा घेतलेला असतो. दहातलं कुठलंही बोट चालतं. आईला सांगा, आदल्या रात्री हाताला खोबरेल लावायचं, सकाळी कोमट पाण्यानं धुवून कोरडं पुसायचं, आणि दुकानदाराला म्हणायचं डाव्या हाताची बोटं एकेक करून लाव. काच पुसायला सांगा, त्या काचेवर अख्ख्या गावाचा घाम असतो. बायकांचं डाव्या हाताचं मधलं बोट बऱ्याचदा वाचलेलं असतं, त्याला काम कमी पडतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या मशीनवर बघितलेलं आहे.

पैलवानदादांच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे, तो टाकून देत नाही. आधारवर पैसे काढायची सोय आहे, नंबर, बँकेचं नाव आणि बोट, बस. नुसता नंबर कुणाला कळून खातं रिकामं होत नाही, बोट किंवा ओटीपी लागतोच. पण खरेदीखतांवरचे अंगठ्याचे ठसे नेटवरून उचलून, त्यांची रबरी बोटं करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंद झालेत. त्यानंतर मशीनला जिवंत बोट ओळखायची तपासणी आली. आपल्याकडं मात्र यापेक्षा साधी लबाडी चालते. माझ्या जावेनं बाजारच्या दिवशी एका माणसाकडं दोन हजार काढले. त्यानं मशीन बघून तोंड वाकडं केलं, "फेल गेला, परत ठेवा." तिनं ठेवला. संध्याकाळी मी पासबुक भरायला पाठवलं तर दोन हजाराच्या दोन ओळी. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले, तर "मशीनची चूक" म्हणून त्यानं पैसे निमूटपणे काढून दिले. म्हणून आईला थम बंद करायला सांगू नका. परत ठेव म्हटलं की आधी पहिल्याची पावती मागायची, फेल गेला तरी 'फेल'ची पावती येते.

बायोमेट्रिक, म्हणजे बोटं-डोळ्यांची ओळख, लॉक करता येतं, आधारच्या ॲपवरून. पण लॉक असेल तर रेशनलाही थम चालत नाही, दर वेळी उघडावं लागतं. तुम्ही चाकणला, ओटीपी गावात, आई दुकानाच्या रांगेत, कसं जमणार? मी आईसाठी सुचवणार नाही. तुम्ही स्वतःचं मात्र खुशाल लावा.

बाकीचं झटपट. दहा वर्षांनी आधार बाद होत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात नियम बदलला, त्यात दहा वर्षं झालेल्यांनी ओळखीचे-पत्त्याचे कागद पुन्हा जोडावेत असं सांगितलंय. जोडलेले चांगले, पण नाही जोडले म्हणून नंबर मरत नाही. मामांना सांगा, पैसे त्यानं अडलेले नाहीत. लहान पोरांचं वेगळं, त्यांची बोटं पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्यानं द्यावीच लागतात.

प्लास्टिकचं कार्ड हवं तर आधारवाल्यांकडूनच मागवता येतं, पोस्टानं घरी येतं. स्टँडवर छापलेल्याला काही किंमत नाही. कागदाचं पत्र, डाऊनलोड केलेलं, प्लास्टिकचं, सगळं सारखंच. आणि लॉजवर, कुरिअरवाल्याला झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क केलेलं काढा, शेवटचे चारच आकडे दिसतात. नाहीतर लोक अख्खं पीडीएफ मोबाईलवर पाठवतात. त्याचा पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे भावकीतल्या कुणालाही उघडता येईल असं कुलूप.

चुलत्यांना कोईमतूरचंच राहू द्या म्हणावं. आधार राज्याचं नसतं. उलट कौतुकानं सांगा, देशातलं पहिलं आधार आपल्या नंदुरबारातल्या टेंभली गावात दिलं, २९ सप्टेंबर २०१० ला. पत्ता बदलायचा तर त्याच नंबरावर बदलतो. रद्द करून नवीन काढायला गेले तर मशीन बोटं सगळ्या देशाच्या बोटांशी ताडून बघतं आणि अर्ज फेटाळतं. माझ्याकडं माहेरच्या नावाचं एक, सासरच्या नावाचं एक अशी दोन काढायला किती पोरी आल्या असतील! प्रत्येकीचं दुसरं परत आलं, आणि नणंदांनी मलाच बोल लावला.

द्राक्षबाग_तासगाव

ताई, डोक्यात साठवायसारखं लिहिलंय. एक शंका. सगळ्यांचे ठसे सरकारकडं आहेत तर आमची मोटर चोरणारा अजून सापडत का नाही? पेटीवर ठसा होता की.

अंगठेवाली

कारण ठसे पोलिसांना द्यायचेच नाहीत असा कायदा आहे. आधार कायदा २०१६ चा, कलम २९. बोटं-डोळे फक्त आधार काढायला आणि 'हा तोच माणूस का' हे ताडायला, दुसऱ्या कशाला नाही. गोव्यातल्या एका गुन्ह्यात तपासासाठी हा साठा मागितला गेला होता, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच थांबवलं, कायदा व्हायच्या आधी. मोटरीसाठी बांधावर कुत्रं पाळा.

मास्तर_कोरेगाव

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. अंगठेवालीताई, माहिती चोख आहे. पण एक राहिलं. हे गैरसमज लोकांनी हवेतून काढलेले नाहीत, आपल्याच खिडक्यांवर त्यांना शिकवले गेलेत. 'सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालानंतर बँक खात्याला आणि सिमला आधार सक्तीचं नाही' हे मी एका खिडकीवर सांगितलं, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, सिस्टीम पुढं जात नाही." न्यायालयापेक्षा सिस्टीम मोठी. निकालात सरकारी अनुदानाला आणि पॅनला आधार मान्य केलं, बाकी कित्येक ठिकाणची सक्ती काढली, शाळाप्रवेशाचीही. तरी शेवटची वर्षं माझी पोरांच्या आधारातल्या चुका दुरुस्त करण्यात गेली. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवताना, आधार जुळलेलीच पोरं धरणार म्हटल्यावर, वर्गात समोर बसलेलं पोर कागदावर नसायचं. ते मला दिसत होतं, फळ्यावर गणित सोडवत होतं, आणि पटावर शून्य.

दुसरं जन्मतारखेचं. आमच्या पिढीच्या मास्तरांनी पोराची तारीख माहीत नसली की १ जून लिहिली. अर्ध्या सातारा जिल्ह्याचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यावर आधारनं १ जानेवारीची भर घातली. माझा चुलतभाऊ एका साखर कारखान्यात होता. शाळेच्या दाखल्यावर एक साल, आधारवर तीन वर्षांनी मोठा. पेन्शनच्या वेळी साहेब आधार धरून बसले. मी त्यांना दाखवलं की भविष्य निर्वाह निधीनं जानेवारी २०२४ मध्येच जन्मतारखेच्या पुराव्यातून आधार वगळलंय, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही वयासाठी आधारापेक्षा शाळेचा दाखला धरला. आता तर नवीन आधारवरच छापतात की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा नाही. ते छापलेलं वाचायला मात्र चष्मा लागतो आणि इच्छाही.

आणि माझी चुलती, ८४ वर्षांची. दहाही बोटं उठत नाहीत, खोबरेल लावून बघितलं, ताई. मोतीबिंदूमुळं डोळाही धरत नाही. तिनं काय करायचं?

अंगठेवाली

मास्तर, तुमचं खरं आहे आणि त्यातला थोडा वाटा माझाही आहे.

२०१३ मध्ये माझ्यासमोर रांग असायची दोनशे माणसांची. बाई यायची, कागद कुठलाच नाही. "जन्म कधीचा?" "बहात्तरच्या दुष्काळात मी पाळण्यात हुते." मी टाकायची १९७२, तारीख मशीन आपोआप १ जानेवारी करायचं. पाटणकडनं लग्न होऊन आलेली एकजण म्हणाली, "कोयनंच्या भूकंपात आयनं मला घेऊन भाईर पळ काढला." १९६७. भूकंप डिसेंबरातला, पोर किती महिन्यांचं ते तिलाही माहीत नव्हतं. मशीनमध्ये पर्याय होते, कागदावरून पडताळलेली तारीख, सांगितलेली तारीख, अंदाजे तारीख. आतमध्ये ते नोंदलेलं राहतं, पण बाहेर येणाऱ्या कागदावर सगळ्या तारखा सारख्याच ठसठशीत. माझा अंदाज साहेबाच्या टेबलावर पुरावा झाला. आणि हो, "कार्ड जपून ठेवा, हरवलं तर सगळं जाईल" हे मीच कितीजणींना सांगितलंय. मला वाटायचं दम दिला की जपतील.

नागरिकत्वाचंही लिहिते, कारण त्यावर हल्ली भांडणं होतात. वर्षभरात १८२ दिवस इथं राहिलेल्या कुणालाही आधार निघतं, परदेशी माणसालासुद्धा. आमच्याकडं नेपाळचा एक राखणदार होता, त्याचं मीच काढलं, रीतसर. कायद्यातच कलम ९ मध्ये लिहिलंय की आधार म्हणजे नागरिकत्व नाही. म्हणून 'आधार आहे म्हणजे आपला' हेही चूक, आणि 'परक्याकडं आधार आहे म्हणजे बनावट' हेही चूक.

चुलतीबाईंचं. मशीन 'नाही' म्हणालं म्हणजे माणूस तो नाही असा अर्थ नसतो. बोट जुळलं नाही, एवढाच. पण दुकानदार त्याला निकाल समजतो. आधारवाल्यांनी २४ ऑक्टोबर २०१७ ला परिपत्रक काढलंय, थम उठत नाही किंवा आधार नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारायचा नाही, दुसऱ्या पद्धतीनं ओळख पटवून द्यायचा आणि वहीत नोंद करायची. त्याची प्रत काढून तहसीलला पुरवठा शाखेत अर्जासोबत लावा, आणि घरातल्या दुसऱ्याच्या थमवर किंवा नेमलेल्या माणसाकडून धान्य घेण्याची सोय मागा. तोंडी सांगू नका. अर्ज दोन प्रतीत, एकीवर पोच. चेहऱ्यावरूनही आता पडताळणी होते, तेही एकदा करून बघा, म्हाताऱ्यांचं त्यात लवकर जुळतं. हे सगळं ८४ व्या वर्षी त्या माउलीनं का करायचं, याला माझ्याकडं उत्तर नाही.

विट्याचा_वाटसरू

मंडळी, आलो परत. सुट्टी पुरली नाही, रजा टाकली.

ओटीपीच अडला, ताई म्हणाल्या तसं. आधारला आईचा जो मोबाईल नंबर होता तो आमच्या जुन्या डबा फोनचा, कधीच बंद पडलेला. आधार केंद्रावर मोबाईल बदलला, कागद काहीच लागला नाही, नुसता थम आणि ७५ रुपये, पावतीसह. तिथं आईचा उजवा अंगठा चारदा फेल गेला. मी म्हटलं डाव्या हाताचं मधलं बोट घ्या. ऑपरेटरनं माझ्याकडं बघितलं, पण घेतलं. पहिल्या फटक्यात हिरवा दिवा!

काही दिवसांनी वेबसाईट उघडली. बँकेचं नाव भलतंच. आईला विचारलं तर म्हणाली, "ते व्हय, ते गटाच्या बायकांनी नेलंतं इस्लामपूरला, फोटो काडला, थम घेतला, चा पाजला." मेळाव्यात खातं उघडलं, पासबुक दिलं, आईनं ते ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवलं आणि विसरली. पासबुकावर एकही ओळ नव्हती. शाखेत जाऊन भरून आणलं तर प्रिंटर थांबेचना. हप्ते ओळीनं मांडलेले, वर गॅसची सबसिडीही तिथंच.

तात्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मग थम कुणी चोरला?"

आता मी म्हटलं सीडिंग गावातल्या बँकेत घेऊ, फॉर्म आणलाय. तर आई नको म्हणते. बाहेर बाबा बसलेले, मला आत बोलावून हळू म्हणाली, "राहू दे तितंच. इस्लामपूर लांब हाय, तुझ्या बापाचं पाय तितवर जात न्हाईत. सांगू नगंस त्येला." ठेवलं तर काही अडचण येईल का?

अंगठेवाली

काही अडचण नाही, ठेवू द्या. दोनच गोष्टी. खात्याला दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर ते झोपतं, म्हणून या महिन्यात आईनं जाऊन शंभर रुपये का होईना काढावेत. आणि पासबुकावर वारसाचं नाव लागलंय का बघा, मेळाव्यातल्या खात्यांना ते बहुतेक लावायचं राहिलेलं असतं. योजनेची केवायसीही करून टाका, तिला तुमच्या बाबांच्या आधारचा ओटीपी लागतो. तेवढा कसा काढायचा ते तुमचं तुम्ही बघा.